गूळ, गुडो, गोळ : विहीणबाईंसोबत मार्केट यार्ड ते मांजरी

पुण्यात राहून पुण्यातल्या पुण्यात प्रवास करायचा आणि वर ब्लॉग लिहायचा, हा आगाऊपणा आहे, मान्य. पण मला जायचंच होतं. आमच्या विहीणबाई, कुमुदिनीताई, भुवनेश्वरहून पहिल्यांदाच राहायला आल्या होत्या आणि दोन दिवस सोफ्याच्या काठावर, पाय मागे ओढून, अवघडून बसल्या होत्या.

दोष माझा. मुलाच्या लग्नात आमच्याकडच्या आत्याबाईंनी फर्मान काढलं की मुलीच्या आईने वरमाईचे पाय धुवायचे असतात, आणि मीही पैठणी सावरत पाय पुढे केले. कुमुदिनीताईंकडे अशी रीत नाही. त्यांनी मुकाट्याने धुतले. तो चेहरा मला अजून छळतो. माफी मागावी तर त्यांना मराठी येत नाही, मला ओडिया येत नाही आणि हिंदी दोघींचं बेतास बात. त्यांची मुलगी म्हणजे माझी सून, लिपी, दुभाषी झाली असती, पण सुनेकडून माफी वदवून घेणं मला पटेना.

तिसऱ्या दिवशी मी कोऱ्या चहात गूळ घालत होते. त्यांनी डब्यात डोकावून ओठ गोल करत म्हटलं, "गुडो." तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेल्या बाईला एवढं पुरे होतं. म्हटलं, चला, या शब्दामागेच जाऊ. लिपी आणि मुलगा ऑफिसला गेले आणि आम्ही दोघी निघालो.

कोथरूडहून बसने स्वारगेट. सुट्टे पैसे जवळ ठेवा. माझी पाचशेची नोट पाहून कंडक्टरने शांतपणे विचारलं, "बस विकत घेताय का?" स्वारगेटला पोहे खाऊन रिक्षाने मार्केट यार्ड. भुसार बाजारात सकाळीच जा, आणि रविवारी जाऊ नका. ढेपांच्या थप्प्यांमध्ये शिरलं की कपड्यांना वास लागतो तो घरापर्यंत येतो.

पहिल्याच गाळ्यात मूळचे भावनगरचे एक शेठजी होते. त्यांच्या घरी गुळाला गोळ म्हणतात. मला स्फुरणच चढलं. संस्कृतात गुड म्हणजे आधी गोळा. आटवलेल्या रसाचे गोळे वळू लागले तसं ते नाव पदार्थाला चिकटलं असं मानतात, आणि पाली भाषेतला गुळ तर दोन्ही अर्थांचा, हे मी त्यांना हातवारे करून सांगितलं. शेठजी म्हणाले, "बाई, घ्यायचा आहे की शिकवायचा आहे?" पोतं टेकवून उभे असलेले कलबुर्गीचे हमाल मात्र म्हणाले की आमच्या कानडीत बेल्ल म्हणतात. तमिळमध्ये वेल्लम, म्हणजे ते घराणंच वेगळं. इंग्रजीतला जॅगरी तर शर्करेचा नातेवाईक, केरळातून पोर्तुगिजांच्या तोंडी बसून तिकडे गेलेला. कुमुदिनीताईंना यातलं काही कळलं नाही, पण प्रत्येक ढेपेवर बोट ठेवून त्या "गुडो" म्हणत होत्या, मी "गूळ" म्हणत होते. आमचा एवढा लांब संवाद आजवर झाला नव्हता.

तिथून हडपसरमार्गे मांजरी. वाहतुकीत तासभर मोडतो, सोबत पाणी ठेवा. नव्या इमारतींच्या मागे अजून ऊस उभा आहे, आणि थोडं पुढे एक गुऱ्हाळ. मालकीणबाईंनी आलं-लिंबू घातलेला उसाचा रस दिला आणि बजावलं, "पाय जपा ताई, खाली समदी काकवी हाय." कढईवरच्या गोरखपूरच्या कारागिराने उलथन्यावरचा गरम गूळ पुढे केला. "गुड़," तो म्हणाला. कुमुदिनीताई आनंदाने पुढे झाल्या आणि दोन्ही पाय काकवीत.

पाण्याच्या पिंपाजवळच्या दगडावर मी त्यांना बसवलं. तांब्या भरला, खाली बसले आणि त्यांचे पाय धुऊ लागले. त्यांनी पाय मागे ओढले. मी घोटा धरून ठेवला. माफीसाठी पाठ केलेली सगळी हिंदी वाक्यं पळाली होती. मी नुसती मान खाली घालून पाय चोळत राहिले, आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

त्या म्हणाल्या, "मेरा पैर मीठा है. आपका नहीं था."

मी वर पाहिलं. त्यांचा चेहरा गंभीर होता, फक्त ओठ हलत होते. मग दोघीही इतक्या हसलो की मालकीणबाई चुलाण सोडून बघायला आल्या.

येताना एक ढेप आणली. बसमध्ये ती त्यांच्या मांडीवर होती, माझ्याकडे देईनात. संध्याकाळी लिपीने घरात शिरताच काळजीने विचारलं की दिवसभर तुम्ही दोघी बोललात तरी काय. तिची आई म्हणाली, "गुडो." बास, एवढंच. त्या सोफ्यावर होत्या, पाठीला उशी, दोन्ही पाय वर घेऊन.