गुंडप्पाच्या जीपचा टप

अहमदपूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, नवा हमाल लागला, की पहिल्या आठवड्यातच त्याच्या कानावर यायचं, की आडत्या गुंडप्पाला दोन बायका आहेत. एक गौरम्मा आणि दुसरी पेट्रोल पिणारी. लोकांना वाटतं ही कंडी मी पिकवली. देवाशपथ सांगतो, शब्द खुद्द गौरम्माचा. जीपला ती 'सवत' म्हणायची. सकाळी कुणी गुंडप्पाला भेटायला आलं, की चुलीपुढूनच ओरडायची, "बसा वाईच. सवतीला न्हाऊ घालून राहिलेत." नवखा माणूस असेल तर बसायच्या ऐवजी निघूनच जायचा.

ही सवत घरात आली दुष्काळामुळे. बहात्तरच्या दुष्काळात जीप सरकारची होती. शाळाशाळांतून सुकडी वाटायला जायची. सुकडी म्हणजे भाजलेल्या पिठाचा गोडसर भुगा. ज्यांनी तेव्हा खाल्ला त्यांच्या जिभेवर तो अजून आहे. जीपचा खडखडाट शिवेवर ऐकू आला, की पोरं ताटल्या बडवत सुटायची. दुष्काळ सरला आणि सरकार जीपला विसरलं. तहसीलच्या आवारात ती उभी राहिली, आणि कुणाच्या तरी शेळीने तिच्यात दोन करडं दिली. मग लिलाव झाला. गुंडप्पा सांगायचा, "लई चुरस झाली, मास्तर." मी तिथे होतो. बोली बोलणारा तो एकटाच होता. चुरस झाली असली तर त्याची आणि शेळीची.

तेव्हापासून गावातलं प्रत्येक लग्न, बाळंतपण आणि निवडणूक या जीपमधून पार पडली. तिला दारं नव्हती आणि डोक्यावर काही नव्हतं. हे फार सोयीचं होतं, कारण गुंडप्पा देहाने मोठा. जेवढा मावेल तेवढा तो आत बसायचा. उरलेला उजव्या बाजूने बाहेर. धोतराचा सोगा वाऱ्यावर उडत असायचा. तोंडात तंबाखू, आणि वळणावर एक पिचकारी ठरलेली. सायकलवाले त्याच्या उजवीकडून जायचं टाळत.

सिंधूचं, म्हणजे त्याच्या एकुलत्या एक लेकीचं लग्न ठरलं तेही या जीपवरच. स्थळ उदगीरचं, मुलगा वीरभद्र. आई-बाप साधे, घर चालायचं ते मुलाच्या आत्याच्या, दानम्माच्या तोंडावर. बैठकीला तिने सगळ्यांना गप्प केलं आणि म्हणाली,

"सोनं नको, भांडी नको. परण्याला माझ्या भाच्याला तुमची जीप पायजे. ह्याच गाडीतून शाळेची सुकडी माझ्या ओसरीवर उतरायची. मी वाटायची. ह्ये पोरगं त्या सुकडीवर वाढलंय."

परण्या म्हणजे नवरदेवाला जानोशावरून, म्हणजे वऱ्हाडाच्या मुक्कामावरून, वाजतगाजत देवळाला नेऊन मांडवात आणायचं. वाहन द्यायचं मुलीच्या बापाने. तेव्हा मागणी रास्तच होती. आणि पोरगं वाढलंय हेही खरं होतं. वीरभद्र सहा फुटांच्या वर होता. नमस्कार करून सरळ झाला तेव्हा गुंडप्पाच्या बैठकीतल्या पंख्याखालून दोघांनी त्याला हात धरून बाजूला ओढलं. ही गोष्ट गुंडप्पाने तेव्हाच मनात नोंदवायला हवी होती. पण तो हर्षाने पेढे वाटून राहिला होता.

"दिला शब्द, अव्वा! परण्या जीपमधूनच."

आता शब्द दिलाच होता, तर जीप पुसून उभी करायची आणि मोकळं व्हायचं. पण आदल्याच वर्षी लातूर जिल्हा झाला होता. आम्ही रात्री उस्मानाबादवाले म्हणून झोपलो आणि सकाळी लातूरवाले म्हणून उठलो. नळाला पाणी आधीही नव्हतं. आता ते जवळच्या जिल्ह्याच्या ठिकाणाहून येत नव्हतं, एवढाच फरक. पण काही लोकांच्या अंगात जिल्हा भरला. गुंडप्पा त्यातला.

"मास्तर, उदगीरचे पाव्हणे येनार. जिल्हा नवा, जावई नवा, अन् जीप उस्मानाबादच्या जमान्यातली? लोक काय म्हनतील?"

"जीप आहे म्हणतील."

"तुम्हाला न्हाई कळायचं," म्हणाला, आणि जीप घेऊन थेट नांदेडला गेला. लातूरची शान वाढवायला नांदेडला का, हेही मी विचारलं. तर म्हणे, महेबूब मिस्त्रीसारखा बॉडी बांधणारा लातुरात अजून व्हायचाय.

महेबूब मिस्त्रीने जीपला भोवती फिरून पाहिलं आणि दाढी कुरवाळत सांगितलं, "सेठ, ऐसी बाडी बांधतूं, ऊपर से पानी का एक कतरा अंदर नहीं आयेगा. ग्यारंटी."

आमच्याकडे त्या साली पाण्याचा कतरा बाहेरसुद्धा येत नव्हता. पण गुंडप्पा खूश झाला.

पुढचे कितीतरी दिवस जीपवाचून मोंढा मुका होता. मग लग्नाच्या आठवड्यात, भर दुपारी, लोह्याच्या, म्हणजे नांदेडच्या बाजूने अखंड हॉर्न ऐकू आला. थांबेचना. कुणीतरी ओरडलं, "कलेक्टर आला!" नवा कलेक्टर कुणी पाहिला नव्हता, त्यामुळे खात्री लगेच पटली. हॉटेलवाल्याने कालची भजी परातीसकट मागे नेली. रेशन दुकान, जे सोमवारपासून बंद होतं, ते उघडलं. आणि धुळीतून एक निळीशार, चौकोनी, बंद गाडी येऊन उभी राहिली. वर पत्र्याचा टप, बाजूला दारं, दारांना काचा, काचांना झालरीचे पडदे. पूर्वीचे गोल दिवे जाऊन चौकोनी दिवे. टपाच्या कपाळावर पेंटरच्या हातची ठसठशीत अक्षरं : जिल्हा लातूर.

हॉर्न चालूच. सगळे हात जोडून उभे. आतल्या माणसाने तोंड वळवलं आणि काचेवर आतून तंबाखूची पिचकारी मारली.

"अरे, हा तर गुंडप्पा!" मी म्हणालो.

काच तिथे आहे हे तो विसरला होता. आणि हॉर्न वाजत होता, कारण बाजूला दार आल्यामुळे उरलेला गुंडप्पाही आता आत होता, आणि पोट हॉर्नवर टेकलं होतं. दार उघडायची कडी त्याला सापडेना. शेवटी दोन हमालांनी त्याला मागच्या दाराने काढला. रेशनवाल्याने त्या गडबडीत दुकान बंद करून घेतलं.

मग सुरू झाला बघण्याचा कार्यक्रम. मुलगी बघायला आल्यासारखे लोक जीपभोवती फिरले.

"तोंड तर वळखीचं हाय. अंग दुसऱ्याचं दिसतंय."

"डोळ्याचं आप्रेशन झाल्यावानी बघून राहिली."

"हवा कुठून येती हो, शेठ?"

"हवेला काय करायचं?" गुंडप्पा घाम पुसत म्हणाला. "रेग्झिन बघा. फुलाफुलाचं हाय. टप बघा. वाकवून दाखवा. नातवाच्या लग्नाला बी हाच टप राहील!"

जीप घरापुढे लागली तेव्हा गौरम्मा ओट्यावर आली, पदर खोचून एकदा पाहिलं, आणि म्हणाली, "सवतीला नवं लुगडं घेतलं म्हना की. मला दिवाळीला न्हाई घेतलं."

लग्नाचा दिवस उजाडला. जानोसा शाळेत होता. वैशाखातलं ऊन, पत्रा तापलेला. बँडवाले सावली धरून उभे. गुंडप्पाने झेंडूच्या माळा घातलेली जीप हॉर्न वाजवत (इलाज नव्हता) शाळेपुढे आणून लावली. नांदेडहून खास बोलावलेला महेबूब मिस्त्री अत्तर लावून कौतुक ऐकायला पुढे उभा.

दानम्मा बाहेर आली. जीपभोवती फिरली. टपावर टिचकी मारली. मागच्या दारातून डोकं आत घालून नाकाने दीर्घ श्वास घेतला आणि बाहेर आली.

"जीप कुठं हाय?"

"ही काय, अव्वा. हीच."

"ह्यो डबा हाय. वास बी येत न्हाई. आमच्या जीपला सुकडीचा वास यायचा."

"अव्वा, तीच हाय. आतून तीच. वरून फकस्त नवी केली. तुमच्यासाठीच."

त्याचा चेहरा पाहून म्हातारी जरा विरघळली. "बरं. मुहूर्त जवळ आलाय. बसवा नवरदेवाला."

वीरभद्र बाहेर आला. जरीचा फेटा, आणि कपाळावर बाशिंग. बाशिंग उदगीरच्या कारागिराचं, हातभर उंच, वर मोर. वीरभद्र जीपच्या दारापाशी वाकला. मोर चौकटीला अडकला. आणखी वाकला. मोर अजून अडकला. पाठमोरा होऊन शिरून पाहिलं. बूड आत गेलं, डोकं बाहेर राहिलं. तिरपा झाला तर फेटा घसरायला लागला.

"बाशिंग काढा की वाईच!" कुणीतरी सुचवलं.

"बांधलेलं बाशिंग अक्षता पडायच्या आत काढतेत?" दानम्मा कडाडली. "कुनाच्या घरची रीत ही?"

"मागल्या दारानं आडवा घालू."

"जिता नवरदेव आडवा न्यायचा? थुंक, थुंक आधी!"

सुचवणारा थुंकून मागे गेला. बॉनेटवर बसवून पाहिलं. नवरदेव बसला त्याहून लवकर उठला. टपावर चढवायचं ठरलं तर तवा बरा, इतका पत्रा तापलेला. चालत जाऊ म्हणावं, तर दानम्माने शाळेच्या मधल्या पायरीवर बसकण मारली.

"बेडा. नको म्हंजे नको. चालत न्हाई, टांग्यात न्हाई. जीपचा शब्द हाय. जीप न्हाई तर परण्या न्हाई. परण्या न्हाई तर अक्षता कशाच्या?"

बँड थांबला. मांडवातून निरोप येऊन राहिले होते : नवरी उभी आहे, मुहूर्त टळतोय. गुंडप्पा एकदा दानम्माकडे बघे, एकदा जीपकडे. मी आयुष्यात त्याला पहिल्यांदाच असा हात गाळून उभा पाहिला. खरं सांगतो, चेष्टा करायचं माझ्याही मनात आलं नाही. म्हणजे आलं, पण मी केली नाही.

तेवढ्यात मांडवातून गौरम्मा आली. नवऱ्यासमोर उभी राहून एवढंच म्हणाली, "सिंधू इचारून राहिली, अप्पा कुठं हायेत?"

गुंडप्पाने डोक्यावरची टोपी नीट केली आणि ओरडला, "धोंडाबाईला बोलवा!"

धोंडाबाई मोंढ्याच्या फाटकाशी भाता लावून बसायची. विळे-कुऱ्हाडी पाजवायची आणि घण असा घालायची, की समोरची माणसं डोळे मिटत. ती घण आणि छन्नी घेऊन, अर्धी भाकरी तोंडात घेऊनच आली. टपाकडे पाहिलं.

"कुठून कापू?"

गुंडप्पाने मान फिरवली. "बुडापासून."

घणाचा पहिला दणका पडला आणि महेबूब मिस्त्री कळवळला, "या अल्ला!" दुसरा पडला तसा कोपऱ्यात उभा असलेला बँडमास्तर भानावर आला आणि त्याच्या ढोलवाल्याने घणाचा ठेका धरला. पोरं नाचायला लागली. चार दणके झाले तरी टप हलेना, आणि घड्याळ तर पुढे पुढे सरकत होतं. शेवटी महेबूब मिस्त्रीलाच राहवलं नाही. तो पुढे झाला.

"अरे अम्मा, वहाँ नको मारू! इधर मार, इस कोने में. इधर वेल्डिंग कच्ची है."

गुंडप्पाने त्याच्याकडे पाहिलं. "ग्यारंटी?"

"पानी की दी थी, सेठ. घण की थोडीच दी थी?"

त्या कोपऱ्यात दोन दणके पडले आणि नातवाच्या लग्नापर्यंत टिकणारा टप फुलाफुलाच्या अस्तरासकट शाळेच्या अंगणात उताणा पडला. जीप उघडी पडली, आणि जमावातून एकदम आवाज उठला, "अरे, हीच की! हीच ती!"

वीरभद्र आत चढला आणि मागच्या सीटवर सरळ उभा राहिला. मोर आभाळाला लागला. दानम्माने पुन्हा एकदा आत वाकून वास घेतला. काय आला कुणास ठाऊक. रेग्झिन फाटून खालचा जुना पत्रा दिसत होता खरा. ती पुढच्या सीटवर चढून बसली.

गुंडप्पा चालवायला बसला. पोट टेकलं, हॉर्न वाजला. तो उतरला.

"धोंडाबाई, हे दार बी काढ."

"दाराचं काय बिघडलं?"

"दाराचं काय न्हाई बिघडलं. माजं बिघडतंय."

दार निघालं. गुंडप्पा बसला, मावला तेवढा आत, उरलेला बाहेर. धोतराचा सोगा उडाला. वळणावर त्याने पिचकारी मारली ती सरळ रस्त्यावर गेली, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसलं ते मी त्याच्या स्वतःच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. मांडवाच्या दारात गौरम्मा आरतीचं ताट घेऊन उभी होती. तिने आधी नवरदेवाला ओवाळलं. मग कुणाचं लक्ष नाही असं पाहून, जीपच्या चौकोनी दिव्यावरून ताट एकदा फिरवलं. माझं लक्ष होतं.

अक्षता वेळेवर पडल्या.

टप काही दिवस शाळेच्या अंगणात पडून राहिला. मग गुंडप्पाने तो मोंढ्याच्या फाटकाशी आणून उताणाच ठेवला, भोकं धोंडाबाईकडून बुजवून घेतली आणि रोज सकाळी जीपमधून पिंपं आणून त्यात पाणी ओतायला लागला. त्या उन्हाळ्यात बाजाराला आलेले बैल तिथेच पाणी पीत. आत रेग्झिनची फुलं, त्यांवर पाणी, आणि बाजूला उलटी अक्षरं. बैलगाडीखाली आडवा पडलेला एखादा गाडीवान मान वाकडी करून वाचायचा, "जिल्हा... लातूर," आणि विचारायचा, "कलेक्टरसाहेबानं बसवला का हौद?"

"न्हाई," गुंडप्पा सांगायचा. "माझ्या जावयाच्या बाशिंगानं."

गळतो मात्र तो अजून. एका कोपऱ्यातून. पाण्याच्या ग्यारंटीचं काय झालं, हे विचारायला गुंडप्पा नांदेडला जाईन जाईन म्हणतो.