दार आतून लावलेला वर्ग

कॉलेजच्या तिसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात मी सॉफ्टवेअर कंपनीतली इंटर्नशिप सोडली आणि अमेरिकेतल्या मिनिआपोलिसच्या एका शाळेच्या उन्हाळी वर्गात सातवीच्या मुलांना गणित शिकवायला गेलो. गोरे नसलेल्या तरुण पुरुषांनी शिक्षक व्हावं म्हणून चालवलेली ती फेलोशिप होती. सकाळी शिकवायचं, दुपारी शिकवायचं कसं ते शिकायचं. मी त्या शहराजवळच्या ईडन प्रेरी या उपनगरात वाढलो. बारावीपर्यंत मला माझ्या रंगाचा एकही पुरुष शिक्षक भेटला नव्हता. हे बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणून तूच व्हायचंस का? यासाठी आलो का आपण नागपूरहून?"

रोज सकाळी बसमध्ये मी तेच प्रश्न घोळवत बसायचो. मुलं ऐकतील का, हसतील का, अपूर्णांक शिकवताना मीच चुकेन का.

माझे मार्गदर्शक कृष्णवर्णीय होते, खूप वर्षं शिकवत आलेले. पहिल्याच दिवशी ते म्हणाले होते, "शाळेच्या ओळखपत्राचा बॅज कायम शर्टाच्या बाहेर ठेव." कारण त्यांनी सांगितलं नाही. मला विचारावं लागलं नाही.

एका सकाळी ते ऑफिसात झेरॉक्स काढायला गेले असताना स्पीकरवरून आवाज आला: लॉकडाऊन, हा सराव नाही. म्हणजे कुणी हल्लेखोर जवळपास असू शकतो, वर्ग आतून बंद करा. मी दार आतून लावलं, दिवे बंद केले, मुलांना कोपऱ्यात जमिनीवर बसवलं. एवढी गप्प ती मुलं मी कधी पाहिली नव्हती. एक मुलगी तोंडावर हात दाबून रडायला लागली. मी तिच्याजवळ सरकून बसलो.

"सर, तो आत येईल?" तिनं कुजबुजत विचारलं.

"दार बंद आहे," मी म्हणालो. याहून जास्त मला काहीच माहीत नव्हतं.

बाहेर जड बुटांचे आवाज आले. आणि वेगळीच भीती वाटायला लागली. पोलिसांनी दार उघडलं तर त्यांना काय दिसेल? अंधारी खोली, रडणारी मुलं आणि मध्ये दाढीवाला सावळा तरुण. मुलांना धीर द्यायचा सोडून मी माझे हात कुठे ठेवावेत याचा विचार करत होतो. शेवटी गुडघ्यांवर ठेवले, बोटं पसरून.

किल्ली फिरली. टॉर्चचा झोत थेट माझ्या डोळ्यांवर आला.

"हात वर! कोण आहेस तू?"

मी हात वर केले आणि हनुवटीनं छातीवरच्या बॅजकडे खूण केली. तेव्हा तीच मुलगी नाक ओढत, जवळजवळ चिडून म्हणाली, "आमचे सर आहेत ते. गणिताचे."

टॉर्च खाली गेला. मागून मार्गदर्शक धावत आले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

जवळच्या दुकानात लूट करून पळालेला माणूस शाळेच्या दिशेनं आला होता. तो शाळेत शिरलाच नव्हता.

बाहेर पालकांच्या गर्दीत बाबा उभे होते, ऑफिसातून तसेच आलेले. गाडी सुरू करून त्यांनी विचारलं,

"उद्या सुट्टी दिलीय का?"

"नाही."

"मग?"

"जाणार आहे."

बाबांचं वळण चुकलं. पुढच्या सिग्नलला त्यांनी विचारलं, "मुलं फार घाबरली का रे?" त्या उन्हाळ्यात मुलांबद्दलचा त्यांचा तो पहिलाच प्रश्न.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी आली नाही. शिकवताना माझं लक्ष सारखं दाराकडे जात होतं. आता मी या शहरात पूर्णवेळ शिक्षक आहे, आणि एखादं मूल न सांगता गैरहजर राहिलं की अजूनही तसंच होतं.

ती त्याच्या पुढच्या दिवशी आली, उशिरा. बॅग आपटून म्हणाली, "काल काय शिकवलंत?"

मला काही केल्या आठवेना.