सहा वर्षे पूर्ण

“म्हणजे तुमच्या हाताला सवय होती, म्हणून माझ्या मुलीनं घरी बसायचं?” सुनेनं पातेलं ओट्यावर जरा जोरातच ठेवलं.

“घरी बसायचं कोण म्हणतंय? कॉलेज आहे की.”

“आई, कॉलेजचं नाव काढू नका. दोन वर्षं पहाटे पाचला उठून धावतेय ती. तुम्हीच दूध तापवून देत होतात ना?”

दप्तरबाईंनी खुर्ची टेबलाजवळ ओढली. मुलींच्या शाळेच्या कचेरीत सदतीस वर्षं काढल्यामुळे सगळी गल्ली त्यांना दप्तरबाईच म्हणे; स्वतःच्या मुलाच्या लग्नातही पाहुण्यांनी तेच म्हटलं होतं.

टेबलावर सैनिकी अकादमीचं पत्र पडलं होतं. लेखी परीक्षा, धावणं, उंची, नजर, सगळ्यांत नात पास झाली होती. नडलं ते वय. शाळेच्या दाखल्याप्रमाणे ती मर्यादेच्या पाच महिने पुढे गेली होती. खरं पाहता सात महिने आत होती. पुढच्या वर्षी खरं वयही उपयोगी पडणार नव्हतं. जन्म आडगावी, घरातच झालेला. दाखल्याखेरीज दुसरा कागद नव्हता. नोंद चुकली असेल तर ती करणाऱ्या व्यक्तीनं शपथेवर तसं लिहून द्यावं आणि त्या वर्षीचं मूळ रजिस्टर हजर करावं, असं पत्रात होतं.

शाळेत आणि अकादमीत एकच भिंत होती. अकादमी आधीची. तिच्या घोड्यांची खोगिरं ठेवायची कोठी रिकामी पडली, ती मुलींच्या शाळेला मिळाली. मुली होत्या अकरा आणि अट होती एक : मैदानाकडच्या खिडक्या कायम बंद. नुसत्या बंद नव्हे, खिळे ठोकून. दप्तरबाई त्याच खिडक्यांखाली बसून पाढे शिकल्या. पलीकडे पोरांचे बूट वाजत, कुणीतरी खेकसत असे, दिसत मात्र काहीच नसे. यंदा अकादमीनं पहिल्यांदाच मुलींना घ्यायचं ठरवलं, तेव्हा सुतार बोलावून खिळे काढले. निवृत्त झालेल्या दप्तरबाई मुद्दाम बघायला गेल्या. मैदान त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा बरंच लहान निघालं.

शाळेत सहा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय प्रवेश नव्हता. पण तोवर थांबलं की मुलीच्या कडेवर धाकटं भावंड येई आणि मग ती शाळेचं तोंड बघत नसे. म्हणून पहिल्या मोठ्या बाईंनी पायंडा पाडला होता : पाचाची आली तरी सहाची लिहायची आणि वर्गात बसवून टाकायची. दप्तरबाईंनी तो पुढे चालवला. कागदोपत्री वर्गातल्या निम्म्या मुली सहा वर्षांपूर्वी, शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात जन्मलेल्या असत.

नातीला त्याची काहीच गरज नव्हती. तिच्या कडेवर कुणी येणार नव्हतं. पण प्रवेशाच्या दिवशी रांग लांब होती, नात हात धरून उभी होती आणि दप्तरबाईंच्या पेनानं आपलं नेहमीचं लिहून टाकलं. घरी कळल्यावर सगळे हसले. “हिचं एक घरचं वय, एक सरकारी,” असं मुलगा पाहुण्यांना कौतुकानं सांगायचा.

आता तो हसत नव्हता. “आई, दोन ओळी तर लिहायच्यात. लिहिताना चूक झाली म्हणायचं.”

“आणि रजिस्टर?”

“ते दाखवायचं.”

“पान उघडलं की तिच्या वर बावीस नावं आहेत. सगळ्यांचं अक्षर माझं, सगळ्यांची तारीख एक. आंधळ्यालासुद्धा दिसेल.”

“दिसू दे. तुम्हाला काय करणार आहेत या वयात?” सून म्हणाली.

“मला नाही. त्या बावीस जणींपैकी एक नर्सिंगला आहे, एक पोलिसात लागली परवा. त्यांच्या वयाचा कागद कुठला? मी लिहिलेलाच. एक रजिस्टर खोटं ठरलं की मागचीही काढतील. त्यात पोस्टात लागलेली आहे, दवाखान्यातली आहे, शाळेतल्या चार बाई आहेत. सगळ्यांना माझ्यासारखंच शपथेवर बोलावतील.”

“त्या परक्या आहेत, आई.”

“परक्या कशा? मीच बसवलंय त्यांना वर्गात.”

नात दारात उभी होती. अकादमीत लागतात तसे केस तिनं महिन्यापूर्वीच कापून घेतले होते. त्यामुळे कान मोठे दिसत होते, लहानपणी दिसायचे तसे. ती रडली नाही. आजीजवळ येऊन खुर्चीवर बसली.

“आजी, तुला आधी माहीत होतं का असं होईल ते?”

“नाही गं. फॉर्म भरताना मी तारीख वाचली, तरी माझ्या लक्षात आलं नाही. मला ती खरीच वाटली.”

“मग आता काय?”

दप्तरबाईंनी चष्मा पुसला. पत्राची घडी घातली, पुन्हा उलगडली. मुलगा खिडकीशी उभा होता, सून ओट्याला टेकून.

“मी लिहून देणार नाही,” त्या म्हणाल्या. “रजिस्टरही निघणार नाही. तारीख बरोबर आहे असं उत्तर मी उद्या सकाळी माझ्या सहीनं पाठवणार आहे.”