धारेच्या दोन बाजूंचे खेकडे

मी जळगावात प्राणिशास्त्र शिकवते. शिरपूरच्या वर, सातपुड्यातल्या एका डोंगरधारेच्या दोन्ही अंगांना दोन ओहोळ आहेत. तिथले खेकडे मी चार वर्षं गोळा करत होते. पाड्यावरची एक अक्का ते धरून द्यायची. पहिल्याच दिवशी दोन हातांत दोन खेकडे धरून ती म्हणाली होती, "हाऊ येगळा शे, तो येगळा."

मला ते पटायला दोन वर्षं लागली. नराच्या पोटाखालचा मीलनाचा अवयव भिंगाखाली पाहिला, तेव्हा अलीकडचा सरळ निघाला, पलीकडचा टोकाशी वळलेला. या खेकड्यांची पिल्लं प्रवाहाबरोबर दूर जात नाहीत, आईच्या पोटाखालीच वाढतात. कोरडी धार ओलांडणं त्यांना जमत नाही. हजारो पिढ्या अशा अलग पडल्या आणि एका जातीच्या दोन झाल्या.

नव्या जातीवरच्या शोधनिबंधासाठी आता पलीकडची पिल्लांसकट मादी तेवढी हवी होती. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आम्ही गेलो. डोह दिसायच्या आधी वास आला. कपाशीवर फवारायचं औषध कुणीतरी मासे मारायला पाण्यात ओतलं होतं. मासे घेऊन गेले, खेकडे ठेवले. उलटे पडलेले, फुगलेले, पाय गळालेले. पाण्यावर दुधाळ तवंग. एका मादीच्या पोटाची झडप चिमट्याने उचलली तर आत पिल्लांचा नुसता लगदा. मी काठावरच ओकले. अक्काने पदर नाकाला लावला. "पेवानं पानी शे ना हाई," ती म्हणाली.

परतल्यावर विभागातल्या वरिष्ठांना हे सांगितलं. केळीचे वेफर्स चावत ते म्हणाले, "मग अलीकडची मादी ठेवा बाटलीत आणि चिठ्ठी पलीकडची लावा. खेकडाच तो. कोण बघायला येतंय?"

त्यांच्या ओठांना लागलेला चुरा बघून मला डोहापेक्षा जास्त किळस आली.

"सर, या निबंधावर तुमचं नाव नसेल," मी म्हणाले. ते हसले.

'मादी मिळाली नाही' असंच लिहून मी निबंध पाठवला. मादीच्या नमुन्याअभावी तो अजून अडकलेला आहे. यंदा अक्का आणि मी त्या डोहात तीन दिवस दगड उलटले. नखाएवढा एकच खेकडा सापडला. नर की मादी, कळण्याइतकाही मोठा नव्हता. बाटली उघडी होती. मी त्याला परत दगडाखाली सोडलं.