तळाशी उघडी राहिलेली चेन

अर्जदार: स्त्री, वय एकतीस. व्याधी: जन्मतः पाठीचा कणा तळाशी न मिटलेला. चाल: कुबडीच्या आधाराने. शेरा: श्रमास अयोग्य.

हा शेरा कायम राहिला, तर ताईला बॅगदुरुस्तीच्या दुकानाचा परवाना मिळणार नव्हता. फेरतपासणीला सोबत आई आली होती. "पोटुशी असताना माझं काय चुकलं हो?" हा एकतीस वर्षांचा प्रश्न तिने या डॉक्टरांनाही विचारलाच.

"काही नाही, आजी. कण्याची नळी पहिल्या महिन्यातच चेनसारखी मिटते. दिवस गेल्याचंही तेव्हा धड कळत नाही. हिची तळाशी उघडी राहिली."

"ऐकलंस ना?" ताई म्हणाली. "आता सोड माझ्या चेनचा नाद."

आईने डोळे पुसले, आणि बऱ्याच वर्षांनी पाठ टेकून बसली.

डॉक्टर शिक्का काढायला गेले, तर त्यांच्याच बॅगेची चेन अडकली. त्यांनी जोर लावला, शिपायाने लावला. ताईने पर्समधून पक्कड काढली, चेनच्या रनरमध्ये अडकलेला अस्तराचा दोरा हलकेच ओढून काढला. चेन सुतासारखी सरळ आली.

"हे श्रमात धरता का, डॉक्टर?"

नवा शेरा मिळाला: हलक्या श्रमास पात्र.

दुकानाचं लोखंडी शटर ती रोज सकाळी नऊला स्वतःच वर ढकलते.