बोगनवेलीखालची मेथी

कुठल्याही झाडाला पाणी घालण्याआधी मामा उजव्या हाताचं पहिलं बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसायचे. मग ते बाहेर काढून नाकाशी न्यायचे, डोळे बारीक करायचे आणि निकाल द्यायचे, "अजून हाय." म्हणजे ओल अजून आहे. मग भरलेली झारी तशीच उचलून पुढच्या झाडाकडे. नव्याने आलेल्या प्राध्यापकांना वाटायचं, हा माळी पाणी घालायचा कंटाळा करतो. एकाने तसं लेखी कळवलंही होतं. मामांचं म्हणणं होतं, "झाडं तहानंनं मरत्यात त्याच्यापरीस लोकांच्या हातनं जास्त मरत्यात."

नगरच्या ज्या महाविद्यालयात मामा माळी होते, तिथे मी ग्रंथपाल होतो. त्यांना प्राचार्यांपासून सगळेच मामा म्हणायचे. नाव फक्त हजेरीपत्रकात होतं. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. संस्थेच्या अहवालात ती नसतात, पण ती रजेवर गेली की इमारत ओळखू येत नाही.

मामा पाथर्डीकडचे. तिकडे पाणी हा बोलायचा विषय, घालायचा नव्हे. मी कोपरगावचा, कालव्याच्या काठचा, उसातला. आमच्याकडे कशावर जीव जडला की आधी त्याला पाणी पाजतात आणि मग युरिया टाकतात. हा फरक तेव्हा मला महत्त्वाचा वाटला नव्हता.

ग्रंथालयाच्या पश्चिमेच्या भिंतीवर, माझ्या खिडकीखालून निघून पार गच्चीपर्यंत गेलेली, एक बोगनवेल होती. राणी रंगाची. मामा रोजंदारीवर लागले त्या आठवड्यात त्यांनी गावाकडून आणलेली काडी तिथे खोचली होती. पुढे ते नोकरीत कायम झाले. "आमी दोघं एकदमच कायम झालो," असं ते वेलीकडे बोट दाखवून सांगायचे. भिंत आणि फरसबंदी यांच्यामधल्या हातभर पट्टीत, मुरुमात, ती वेल उभी होती. दर पौषात मामा तिचं पाणी पूर्ण तोडायचे. डाळिंबवाले बहार धरताना बागेला ताण देतात, तसाच हा प्रकार. पानं माना टाकायची, पिवळी पडायची, गळायची. महिन्याभराने एकदाच सणसणीत पाणी, आणि माघ सरताना भिंत दिसेनाशी व्हायची. विद्यार्थी ग्रंथालयाकडे वळायचे ते या एकाच मोसमात. पुस्तकांचा त्याच्याशी संबंध नव्हता. वेलीपुढे फोटो चांगले यायचे.

"हिला पोटभर पाजलं की ही नुसती पानं काढती," मामा म्हणायचे. "तहान लागली की मंग फुलायचं ध्यानात येतं."

एकदा त्यांनी एक झुबका माझ्या टेबलावर आणून ठेवला. "सर, यातलं फूल कंचं, सांगा." मी अर्थातच त्या राणी रंगाकडे बोट केलं. त्यांनी मान हलवली. "ती पानंच हायती, रंगीत. फूल ह्ये, आत. बारकं, पांढरं. त्याच्याकडं कोन बघतंय?" त्यानंतर संस्थेच्या कुठल्याही समारंभात, व्यासपीठावरचे फेटे आणि शाली पाहताना, मी आतल्या बारक्या पांढऱ्याचा शोध घेत बसायचो. बहुतेक वेळा ते माईक लावणारा इलेक्ट्रिशियन निघायचा.

त्या वर्षी महाविद्यालयाला नवीन प्रवेशद्वार बांधलं गेलं आणि उद्घाटनाला संस्थेचे अध्यक्ष येणार असं ठरलं. तयारीसाठी सात समित्या नेमल्या. मी स्वागतगीत समितीत होतो. मला गाता येत नाही हे सर्वांना माहीत होतं, पण समितीत पाचवं नाव लागत होतं. पाहणीच्या फेरीत प्राचार्य वेलीपाशी थांबले. तेव्हा ती नुकतीच माना टाकू लागली होती.

"हे काय वाळकं जाळं? काढून टाका. इथे वीस फुटी फ्लेक्स येईल अध्यक्षांचा."

मामा पुढे झाले. एरवी ते साहेबांसमोर उभेच राहत नसत. "साहेब, कार्यक्रमाला फुलवून दावतो."

"आणि नाही फुलली तर?"

"तर मीच तोडतो."

प्राचार्यांना मुदतीची भाषा आवडायची. "ठरलं. त्या दिवशी भिंत फुलांनी भरलेली दिसली, तर फ्लेक्स पलीकडे. नाहीतर दुसऱ्या दिवशी वेल साफ."

दोन दिवसांनी मामा माझ्याकडे आले. "सर, लेक बाळंतपनाला आलीय, आन घरवालीचं गुडघं धरल्यात. तीन आठवडं गावाकडं ऱ्हावं लागतंय. तुमची खिडकी वरच हाय. ध्यान ठेवा. आल्यावर मीच एकदा पाजीन, तवर थेंब घालू देऊ नका कुनाला."

"बिनधास्त जा, मामा," मी म्हणालो.

पहिले पाच-सहा दिवस मी ध्यान ठेवलं. पण खिडकीतून रोज एक तहानलेलं झाड पाहणं सोपं नसतं, विशेषतः कालव्याच्या काठी वाढलेल्या माणसाला. शेंडे लोंबू लागले, एका बाजूची पानं कागदासारखी झाली. मला खात्री पटली की मामांचा अंदाज चुकला आहे आणि ते येईपर्यंत वेल मरणार. खात्रीला आधार म्हणून मी ग्रंथालयातलं बागकामाचं पुस्तक काढलं. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं, कुठल्यातरी गार देशातल्या बाईंनी लिहिलेलं. कोमेजलेल्या वेलीला नियमित पाणी आणि खत द्यावं, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. एका पुस्तकावर विसंबू नका, हे मी जन्मभर वाचकांना सांगत आलो. दुसरं पुस्तक त्याच फळीवर होतं. मी ते उघडलं नाही.

त्या दिवसापासून पाच वाजता सगळे गेले की मी दोन बादल्या वेलीच्या बुंध्याशी ओतू लागलो. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या साहाय्यकाची नेवाशाला शेती होती. त्याच्याकडून पसाभर युरिया आणला. चौथ्या दिवशी शेंडे ताठ झाले. आठव्या दिवशी कोवळी पानं फुटली, बुंध्याशी थोडं तणही उगवलं. मला इतका आनंद झाला, की स्वागतगीताच्या तालमीलाही मी वेळेवर गेलो.

कार्यक्रमाला पंधरा दिवस उरले असताना मामा परत आले. नातू झाला होता. त्यांच्या पिशवीत माझ्यासाठी पेढे होते. ते खिडकीखाली येऊन उभे राहिले. वेल हिरवीगार झाली होती, पालेभाजीच्या वाफ्यासारखी. फुलाचं नाव नाही. मामांनी बोट मातीत घातलं. ते सबंध आत गेलं. या वेळी त्यांनी ते नाकाशी नेलं नाही, नुसतं धोतराला पुसलं.

"सर, कुनी पानी घातलं का?"

खरं सांगायला तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, "चौकशी करतो."

"करा," ते म्हणाले आणि पेढ्यांचा पुडा खिडकीवर ठेवून गेले.

कार्यक्रम झाला. अध्यक्षांनी भिंतीकडे पाहिलंच नाही. ते कोनशिलेवर आपलं नाव बरोबर आहे का ते पाहत होते. प्राचार्यांनी मात्र पाहिलं. दुसऱ्या दिवशी मी सहीसाठी त्यांच्या खोलीत उभा असताना मामांना बोलावणं आलं.

"मामा, काय ठरलं होतं?"

"व्हय, साहेब."

"फुलं कुठं आहेत?"

"पानी जास्त झालं."

"कुणाच्या हातून?"

मामांनी एकदा माझ्या हातातल्या फायलीकडे पाहिलं. माझ्याकडे नाही, फायलीकडे. "बागंचा मानूस मीच हाय, साहेब," ते म्हणाले.

त्या खोलीत तीन माणसं होती आणि त्यातल्या एकाने एक वाक्य बोलायला हवं होतं. मी शांतता पाळली. ग्रंथपालाला तेवढं जमतं.

वेल मामांनी एकट्याने तोडली. कुणाला कोयत्याला हात लावू दिला नाही. हाताला गोणपाट बांधलं होतं, तरी संध्याकाळपर्यंत कोपरापर्यंत काट्यांचे ओरखडे उठले होते. बुंधा वीतभर ठेवून त्यांनी त्यावर मुरूम ओढला, म्हणजे वरून पाहणाऱ्याला जमीन सपाट दिसावी. मग तिथे वीस फुटी फ्लेक्स लागला. अध्यक्ष हसत होते. माझ्या खिडकीतून मला त्यांच्या डोक्याची मागची बाजू दिसायची, म्हणजे नुसतं पांढरं कापड.

तिसऱ्या दिवशी मामा ग्रंथालयात आले. चपला बाहेर काढल्या, थेट माझ्या टेबलापाशी आले आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक जुडी माझ्यापुढे ठेवली. उघडून पाहिली तर मेथी. मुळासकट, माती लागलेली, जेमतेम मूठभर.

"तुमची भाजी," ते म्हणाले.

मला क्षणभर कळलं नाही, आणि मग सगळंच कळलं. मला साखरेचा त्रास. रोज संध्याकाळी निघताना मेथीदाणे टेबलावरच्या पेल्यात भिजत घालायचे, सकाळी कामावर येऊन ते पाणी प्यायचं आणि दाणे खिडकीबाहेर फेकायचे, हा माझा वर्षानुवर्षांचा नेम सगळ्या महाविद्यालयाला माहीत होता.

"सतरा वर्सं तुमी हितं दानं टाकताय," मामा म्हणाले. "येक न्हाई कवा उगवला. त्या पट्टीत पानीच नसायचं. औंदा बुंध्याभवती वाफाच लागला हुता. आल्या दिवशीच दिसला."

"मग साहेबांना सांगायचं होतं, मामा."

"तुमचं नाव सांगून येल फुलनार हुती व्हय?"

मी खाली मान घालून जुडीची माती झटकत राहिलो. मामा हसले असावेत, कारण आवाज बदलला. "तुमी काय रागानं घातलं का? कोपरगावचं मानूस. हात आवरत न्हाई." आणि दाराशी जाऊन चपला घालता घालता म्हणाले, "भाजी करून खावा. साखरंला चांगली."

घरी बायकोने ती परतली. फार कडू होती. मी सगळी खाल्ली आणि ताट पुसून घेतलं. बायकोने विचारलं, कुठून आणली? कॉलेजातली आहे, म्हणालो.

फ्लेक्स वैशाखातल्या वावटळीत फाटला. नवीन प्राचार्य आले. त्यांना फ्लेक्सपेक्षा कारंज्यांत रस होता. पावसाळ्यात मुरूम दुभंगून बोटभर लालसर कोंब वर आला, आणि दिवाळीपर्यंत वेल माझ्या खिडकीच्या गजांना लागली. मामांनी तो विषय पुन्हा काढला नाही. मीही काढला नाही. फक्त मेथीदाणे मी कचऱ्याच्या डब्यात टाकू लागलो होतो. पौष लागला तसे मामा खिडकीखाली आले आणि वर पाहून म्हणाले, "सर, पंधरा दिस गावाकडं चाललोय, नातवाचं जावळ हाय. पानी तोडलंय. ध्यान ठेवा."

मला वाटलं, थट्टा करताहेत. त्यांचा चेहरा नेहमीसारखाच होता. संपूर्ण आवारात शिपाई होते, पहारेकरी होते, वनस्पतिशास्त्राचे दोन प्राध्यापक होते. त्यांनी मलाच सांगितलं.

निवृत्तीच्या वेळी संस्थेने मला शाल, श्रीफळ आणि मानपत्र दिलं; त्यात माझ्या वाचनप्रेमाविषयी तीन परिच्छेद आहेत. पण आयुष्यात मिळालेलं प्रशस्तिपत्र कोणतं, असं कुणी विचारलं तर मी खिडकीखालचं ते एक वाक्य सांगेन. त्या पंधरा दिवसांत वेलीने माना टाकल्या, पानं कागदासारखी झाली. मी खुर्ची दुसऱ्या बाजूला वळवून बसलो. एकदा तर बादलीवर एक जाडा शब्दकोश ठेवला. आणि माघ सरताना माझी खिडकी राणी रंगाने इतकी भरून गेली, की दुपारी आतल्या पुस्तकांची पानंसुद्धा गुलाबी दिसायची.

मामा माझ्याआधी दोन वर्षं निवृत्त झाले. जाताना दुधाच्या पिशवीत रुजवलेली त्याच वेलीची काडी मला देऊन गेले. "पिशवी ब्लेडनं चिरा, मुळं हलवू नका," एवढंच सांगितलं. पाणी घालू नका, हे सांगितलं नाही. गेल्या वर्षी त्यांच्या लेकीचा फोन आला. वडील गेले. झोपेतच. फोन ठेवण्याआधी तिने विचारलं, "आबा म्हनायचे, सरांकडं आपली येल हाय. हाय का अजून?"

आहे. आमच्या कुंपणावरून रस्त्यावर झुकली आहे. सध्या पौष चालू आहे आणि तिने माना टाकल्या आहेत. शेजारचे काल म्हणाले, "अहो, पाणी घाला तिला, मरेल." मी आज सकाळी अंगणात गेलो तेव्हा हातात भरलेली बादली होती, ती कशी आली ते मला सांगता येणार नाही. वाकलो, बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घातलं, नाकाशी नेलं.

बादली कढीपत्त्याला घातली.