आहूखान्याच्या बागेत, माझ्या पायांनी

सातव्या महिन्यात सुनेला काय हवं ते विचारायचं, आणि ती मागेल ते द्यायचं, अशी आमच्याकडे रीत. डोहाळा मागे ठेवायचा नाही. सासूबाईंनी विचारलं तेव्हा मी सांगून टाकलं, "मला तापीकाठच्या बागेतून चालायचंय. माझ्या पायांनी."

"चालायचंय?" वन्सं म्हणाल्या. वन्सं म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. माहेरपणाला आल्या की घर त्यांचंच असतं. "अगं, चिंच माग, पेरू माग. चालणं कुणी मागतं का?"

मी का मागितलं ते सांगते. मागल्या वर्षी पाचव्या महिन्यात माझं पोर गेलं. त्या सकाळी मी गोधड्यांचं बोचकं घेऊन तापीच्या राजघाटावर गेले होते. मला कुणी धाडलं ते सासूबाईंना ठाऊक आणि मला ठाऊक. पण आठ दिवसांत बऱ्हाणपुरातल्या आमच्या सिंधीपुरा पेठेत झालं ते असं, की मास्तरांच्या बायकोचे पाय घरात ठरत नाहीत, म्हणून असं झालं. सासूबाई गप्प राहिल्या. मीही गप्प, सुनेनं तोंड उघडायचं कसं? या खेपेला दिवस राहिल्यापासून तर उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. माझ्या पायांवरचा तो आळ मला पुसायचा होता, बाकी काही नको होतं.

डोहाळा नाकारता येईना. मग सुनेचं चालणं तर व्हावं, पण सुनेनं चालू नये, असा खटाटोप सुरू झाला.

मास्तर (घरात मी 'इकडून' म्हणते, पण लिहिताना किती वेळा तसं लिहू!) शाळेत इतिहास शिकवतात. बाग त्यांनीच ठरवली, नदीपलीकडे जैनाबादेतला आहूखाना. "बादशाही बाग आहे. हरणं ठेवायचे तिथं. जमीन सपाट, चढ नाही की उतार नाही." डोहाळजेवणही तिथंच उरकायचं ठरलं. मार्गशीर्षातला सोमवार धरला. तुम्हीही याच दिवसांत या. ऊन सोसवतं आणि तापी शांत असते.

लालबागच्या स्टेशनावर उतरलात तर गावात यायला टांगे मिळतात. आम्हाला घरापासून राजघाटापर्यंतच जायचं होतं, दहा मिनिटांचं काम. पण वन्संनी टांगेवाल्याला इतक्यांदा "हळू" म्हटलं की तो बिचारा खाली उतरला आणि घोड्याचा लगाम धरून चालू लागला. मास्तर टांग्याच्या बाजूनं चालत होते, घोडाही चालत होता. चालत नव्हते ती मी एकटी!

घाटावर पाहते तर शाळेतली वेताची खुर्ची, दोन्ही बाजूंना बांबू बांधलेले. मी मास्तरांकडे पाहिलं. ते काठावरच्या किल्ल्याकडे पाहू लागले.

होडीचं भाडं बसण्याआधी ठरवून घ्या, मधल्या पाण्यात गेल्यावर बोलू नका. आमचा नावाडी सज्जन होता. "बाई, मधी बसा, हलू नका, नाव डुलते," एवढंच तो म्हणाला, तर वन्संनी माझा दंड असा आवळला की बांगडी पिचली. पलीकडे उतरल्यावर नावाडी आणि त्याचा भाऊ खुर्चीला खांदा देऊन निघाले. मी वर बसलेली, अंगावर हिरवं लुगडं आणि केसांत शेवंतीची वेणी. "बसलीच आहेस तर धर," म्हणून मांडीवर दराब्याच्या मिठाईचा डबा, त्यावर मांड्यांची चळत, त्यावर भरताचं पातेलं. सामानाच्या गाडीत आणि माझ्यात फरक काय राहिला, सांगा!

बाग म्हणाल तर पडक्या भिंती, कोरडा हौद, चिंचेची झाडं आणि त्यांच्यामधून गेलेली एक साधी पायवाट. पण वारा सरळ नदीवरून येत होता. उतरावंसं वाटून नुसता जीव तडफडत होता.

तेवढ्यात तिथला म्हातारा माळी आला. माझ्याकडे पाहून प्रेमानं म्हणाला, "अच्छा किया, घुमने लाए. यहीं तो रखा था बेगम साहिबा को, आगरा ले जाने से पहले. बच्चा जनते वक्त गुजर गई थीं बेचारी."

सगळे जागच्या जागी थांबले, नावाड्यांनी खुर्ची खाली टेकवली. बादशहाच्या बेगमेला आधी इथंच पुरलं होतं, ही गोष्ट बऱ्हाणपुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. आमच्या घरात तीन दिवस खुर्ची, बांबू आणि मांडे यांचा खल झाला, पण ती आठवली कुणाला? कुणालाच नाही! इतिहासाच्या मास्तरांनाही नाही!

"फिरा माघारी!" वन्संनी एकच गिल्ला केला. "अरे, तुला अक्कल आहे का? गरोदर बाईला थडग्यावर आणलंस! आणि ही चालायचं म्हणते. मागल्या वेळी हिच्या पायांनीच घात केला ना?"

मला रडू फुटलं, ते संतापानं. पातेलं, डबा, मांडे सगळं नावाड्याच्या भावाच्या हातात दिलं.

"हिच्या पायांनी नाही," सासूबाई म्हणाल्या.

आवाज मोठा नव्हता. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "त्या दिवशी गोधड्या धुवायला घाटावर मीच धाडलं होतं तिला. नको म्हणत होती ती. मी ऐकलं नाही. नि वर्षभर लोक हिला बोलले ते ऐकत बसले मी."

मास्तरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. एवढं वर्षभर मी या बाईवर जळत होते, आणि आता तिच्याकडे बघवत नव्हतं.

"उतर," त्या मला म्हणाल्या. "ती बेगम मोठी होती, तिचं नशीब तिच्यापाशी. तू चाल."

मी उतरले. भिंतीपासून हौदापर्यंत, हौदापासून नदीच्या काठापर्यंत गेले. किती पावलं झाली ते मोजलं नाही. सासूबाई कोपराला धरून बरोबर चालत होत्या आणि मध्येच पुटपुटत होत्या, "खडा आहे, बघ. मूळ आहे, बघ." शेवटी मला हसू आलं. जेवणं चिंचेखाली झाली. मांडे कोरडे पडले होते, भरीत मात्र फक्कड. माळ्यालाही वाढलं. परतताना वन्सं रिकाम्या खुर्चीत बसल्या, पाय दुखतात म्हणून.

आता आहूखाना बघण्यासारखा आहे का, असं विचाराल तर फार नाही. तरी जा. खुर्ची तेवढी नेऊ नका.

घरी पोहोचेस्तोवर माझे घोटे टम्म फुगले. सासूबाईंनी कोमट तेलाची वाटी आणली आणि माझे पाय ओढून मांडीवर घेतले. सासूनं सुनेच्या पायाला हात लावायचा! मी पाय मागे घेऊ लागले तर त्यांनी घोट्यावर चापटी मारली. एवढ्यात शेजारच्या काकू दारातून डोकावल्या. "हे काय हो! सुनेला चालवून पाय सुजवून आणलेत?"

सासूबाईंनी मानही वर केली नाही.

"सुजले तर मी चोळते," त्या म्हणाल्या.